आईचं झाड कुणी तोडलं

दादा, तुला उचलायच्या आधी लियावहिनीने पदराखालून गाठ मारलेला रुमाल काढला आणि आपल्या गावच्या सॅमसनभाऊंच्या हातात दिला. त्यांनी गाठ सोडली, तांबडी माती चिमटीत धरून तुझ्या दोन्ही डोळ्यांवर घातली आणि उरलेली छातीवर पसरली. दफनाच्या कामाला शहरातून आलेला तो दाढीवाला पोरगेला माणूस हिब्रूत म्हणाला, "हे कशाला? इथली सगळी मातीच पवित्र आहे." सॅमसनभाऊ मराठीतच पुटपुटले, "आमची रीत आहे बाबा, तू गप उभा राहा." आणि मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, नेमकं तेव्हा हसू आलं.

कोकणात आपल्या यहुद्यांकडे कुणी गेलं की येरुशलायमची चिमूटभर माती त्याच्या डोळ्यांवर घालायचे. कधीकाळी कुणी जाऊन आलेल्याने दिलेली ती पुडी घरोघर पेटीच्या तळाशी जपलेली असायची. इथे येरुशलायम बसने अर्ध्या तासावर, आणि तरी ही माणसं पुडी बांधून बसलीत! मनात म्हटलं, घरी गेल्यावर हे दादाला सांगायला हवं, पोट धरून हसेल. मग कळलं की सांगायचं कुणाला.

तू कसा गेलास ते मी लिहीत नाही. टेकडीवर दुपारची भाकर खाऊन दगडाला टेकलास तो टेकलेलाच राहिलास, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे. लहानपणी रागावले की मी तुला 'मेल्या' म्हणायची आणि आई चुलीपुढून ओरडायची, "मिरू, थोरल्या भावाला असं बोलू नये, जीभ झडेल!" आता कधी नव्हे एवढा राग आला आहे आणि तो शब्द काही तोंडातून निघत नाही. तेवढीही सोय तू ठेवली नाहीस.

आपण एका आईची पोरं, पण वाढलो दोन ठिकाणी. बाबा गेल्यावर मावशीने मला भायखळ्याला नेलं आणि शाळेत घातलं. तू रोह्याच्या जंगलात लाकडाच्या ठेकेदाराकडे मुकादम झालास. सुटीत गावी आले की तुझ्या सदऱ्याला ओल्या सालीचा आणि धुराचा वास यायचा. माझं जंगल म्हणजे राणीची बाग. रविवारी मावशीचं बोट धरून जायचं, गुलाबाला हात लावला की माळ्याने शिटी वाजवायची. एवढ्यावरून तू मला जन्मभर छळलंस. "तुम्हा मुंबईकरांची झाडावर माया कशी, तर पिंजऱ्यातल्या वाघावर असते तशी," असं म्हणायचास आणि वर विचारायचास, "वाघाला शेंगदाणे टाकलेस का गो?"

इथे आल्यावर मास्तरणीच्या हातात संत्री आली. मुंबईत मी शिकवत होते, इथे पॅकिंगच्या शेडमध्ये एकेक संत्रं पातळ कागदात गुंडाळू लागले. तुझं नशीब बघ, तुला तुझंच काम मिळालं. येरुशलायमच्या रस्त्याकडेच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर झाडं लावायची. बगदादचा कापडवाला, रुमानियाचा घड्याळजी, मोरोक्कोचा न्हावी, जो येईल त्याच्या हातात सरकार कुदळ देत होतं. त्यात कुदळ हाताळलेला तू, म्हणून लवकरच टोळीचा मुकादम झालास. तुम्हाला टेकडीवरच्या वस्तीत खोली मिळाली. आम्हाला खाली सपाटीवर, छावणीतल्या तंबूत टाकलं. ती छावणीच पुढे किर्यात मलाखी झाली आणि आम्ही तिथलेच झालो.

आई मागे राहिली होती. "तुम्ही पुढे व्हा, चूल पेटवा, मग मला बोलवा," म्हणाली होती. चूल पेटली, पण बोलावणं जाईपर्यंत ती थांबली नाही. तिला पोचवायला पोटचं कुणी नव्हतं. मग आपली चुलतबहीण बोटीने आली, ती आईच्या कबरीवरची माती बिस्किटांच्या डब्यात भरून घेऊन. सगळ्या जगातले यहुदी इथली माती तिकडे नेतात, आपली बाय तिकडची इकडे घेऊन आली! बंदरावरच्या शिपायाने डबा उघडून आत बोट घातलं, वास घेतला आणि काय समजला देव जाणे, हात जोडून परत दिला.

तो डबा मध्ये ठेवून आपण तुझ्या खोलीत बसलो होतो. हिचं करायचं काय, ते कुणाला सुचेना. तेव्हा कोण बोललं, दादा? मी नाही. तू बोललास. "मिरू, तू बिश्वातचा सण येतोय. आपण झाडाखाली घालू. आयला झाड करू." पुढे जेव्हा जेव्हा वाद झाला तेव्हा तू ते खूळ माझ्या नावावर ढकललंस, मुंबईचं नाजूक खूळ म्हणून. खूळ तुझं होतं. मी नुसती हो म्हणाले.

तू बिश्वात म्हणजे झाडांचं नवं वर्ष. कोकणात त्या दिवशी आपण बैलगाडीने अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचो, खडकावरच्या एलिया हन्नाबीच्या, आपल्या प्रेषिताच्या, रथाच्या खुणांना हात लावायचो आणि मलिदा खायचो. इथे त्या दिवशी सगळा देश झाडं लावतो. आपण दोन्ही केलं. रेशनचे दिवस, मलिद्याला पोहे कुठून आणणार? वहिनीने भरडलेले गहू भिजवले, गुळाच्या जागी साखर, नारळाच्या नावाने दोन खजूर जास्त. ती ओशाळली तर तू म्हणालास, "हन्नाबी रागवायचा नाही, त्याच्याकडे तरी कुठे रेशनकार्ड आहे?"

खड्डा तू खणलास. माती मी घातली. ती टेकडीच्या मातीत पडली आणि दिसेनाशीच झाली, दोन्हींचा रंग एक. "झालं! आय हरवली," असं तू म्हणालास, आपण हसलो, आणि मग तूच आधी रडायला लागलास. वर वीतभर ओरेनचं, म्हणजे पाइनचं रोप, सुयांसारख्या पानांचं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तू गोल बिल्ला केलास, खिळ्याने भोकं पाडून त्यावर 'आई' लिहिलंस आणि तारेने काठीला बांधलास.

मी विचारलं, "हे कुणी तोडणार नाही ना?"

तू म्हणालास, "मी इथं असेपर्यंत नाही."

त्यानंतर मी दर तू बिश्वातला मलिद्याच्या सामानाचा डबा घेऊन यायची. तुझ्या टोळीतल्या सगळ्यांनीच हळूहळू एकेक झाड आपल्या माणसाच्या नावाने धरलं होतं, कारण प्रत्येकाचं कुणी ना कुणी मागे राहिलं होतं. न्हाव्याच्या बापाचं झाड आपल्या आईच्या झाडाच्या वरच्या अंगाला. तो मलिदा दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा. त्याच दिवशी तेल अवीवहून शाळांच्या बसही यायच्या. अकॉर्डियन, गाणी, पांढरे सदरे. एका बाईंनी रोप डब्यासकट पुरलं होतं, वर फोटोही काढून घेतला. ती मंडळी गेली की दुसऱ्या दिवशी तुमची टोळी सगळं उकरून नीट लावायची. "दुरून डोंगर साजरे," असं तू म्हणायचास. "वर्षाचा एक दिवस यायचं, झाडाला मिठी मारायची, जाताना संत्र्याची सालं टाकायची." हे बोलताना तू माझ्याकडे बघायचास. मी सालं कधी टाकली नाहीत, दादा. रस्त्यावर पडलेलीही उचलून आणायची.

मग तो पांढऱ्या पट्ट्यांचा तू बिश्वात आला. झाडं दोन पुरुष उंच झालेली आणि कितीतरी खोडांवर रंगाचा पट्टा.

"चुना कशाला लावलाय?" मी विचारलं.

"रंग आहे तो. दिलूल करायची. विरळणी. पट्ट्याची जाणार, बिनपट्ट्याची राहणार."

"चांगली जगलेली झाडं तोडणार?"

"दाट लावली होती ती निम्मी मरतील म्हणून. मेली नाहीत. आता सगळी ठेवली तर सगळीच खुरटतील. पाणी केवढं, तोंडं केवढी! आणि एक ठिणगी पडली तर टेकडी साफ."

"मग लावलीत कशाला?"

"मास्तरीण ना तू? वर्गात पोरं मावेनाशी झाली की काय करायचीस?"

"दुसरा वर्ग उघडायची! पोरं कापायची नाही!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. तू मात्र चिडलास. आईने जन्मभर भाताच्या वाफ्यात राब भाजायला ऐनाच्या फांद्या तोडल्या, तिला कधी रडताना पाहिलंस का, म्हणालास. तोडणं हाही राखण्याचाच भाग आहे, म्हणालास. मी म्हटलं, तिकडे ऐन तोडला, साग तोडला तर बुंध्यातून परत फुटतो. तुझं हे ओरेन फुटतं का? तू पायाने सुया सारत म्हणालास, "नाही. हे तोडलं की संपलं." त्या दिवशी तू माझ्याशी खरं बोललास. तो शेवटचा खरा दिवस.

परतताना आपण जुन्या बदामांपाशी थांबलो होतो. दगडी बांध, आपल्याकडच्या उताराच्या वरकस जमिनीवर असतात तसे नीट रचलेले, आणि त्यांच्यावर फुललेले बदाम. त्यांच्यातल्या एकालाही पट्टा नव्हता. "ह्यांची विरळणी नाही?" मी खोचून विचारलं. तू म्हणालास, "ही आपण लावलेली नाहीत. आपण लावली नाहीत ती आपण तोडायची नाहीत." कुणी लावली होती, ती माणसं कुठे गेली, हे मी विचारलं नाही आणि तूही बोलला नाहीस. बांध मात्र आपल्याआधीचे होते, एवढं दोघांना दिसत होतं.

आईचं झाडही मी त्याआधीच जाऊन पाहिलं होतं. दोन थोराड झाडांच्या मध्ये अंग चोरून उभं होतं, जरा वाकडं, पण पट्टा नव्हता. "लावणार नाहीस ना रे?" मी म्हटलं. तू रंगाचा ब्रश वर करून दाखवलास. "ब्रश माझ्याच हातात आहे, मिरू." मी निर्धास्त बसमध्ये बसले.

पुढल्या वर्षी आले तो जंगल मोकळं, ऊन जमिनीपर्यंत पोचलेलं. बिल्ला चकचकीत तारेने खोडाला बांधलेला. आणि झाड कसं? सरळसोट, भरदार. "अगो बाई, आई केवढी झाली वर्षात!" मी म्हटलं. तू म्हणालास, "हवा मिळाली." मी त्या झाडाला मिठी मारली. माझ्या पोटातलं मूल गेलं होतं त्या वर्षी. ते मी नवऱ्याशीही धड बोलले नव्हते, ते त्या खोडाला गाल लावून सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, आई, आता तूच बघ. तू शेजारी टोपी काढून उभा होतास आणि तू म्हणालास, "आमेन."

पुढच्या वर्षीही म्हणालास. त्याच्या पुढच्याही.

आता काय झालं ते ऐक. तू गेल्यावर सात दिवस आम्ही तुझ्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. माणसं येत होती, उकडलेली अंडी, मसूर, सगळं रीतीप्रमाणे. एका दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मी वहिनीला म्हटलं, "सात दिवस झाले की वर जाऊ. पत्रा कापून दादाचाही बिल्ला करू. आईच्या झाडालाच लावू. माय-लेक एका ठिकाणी राहतील."

वहिनी मसूर निवडत होती. तिचा हात थांबला.

"तिथं नको लावू, मिरू."

"का?"

"ते आईचं झाड नाही."

मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. मग ती सांगू लागली, खाली मान घालून, एकेक खडा बाजूला टाकत. रंग लावायच्या शेवटच्या दिवसांत न्हावी तुझ्याकडे आला होता. त्याच्या बापाच्या झाडाला पट्टा होता. तो म्हणाला, "तुझ्या आईचं वाकडं झाड राहतं आणि माझ्या बापाचं सरळ जातं, हा कुठला हिशेब?" मग कापडवाला आला. मग घड्याळजी. प्रत्येकाचं कुणी ना कुणी पट्ट्यात होतं. तू घरी येऊन म्हणालास, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करून जंगल राखता येत नाही. दुसऱ्या दिवशी सगळी टोळी गोळा केलीस, त्यांच्यासमोर आईच्या झाडाला पट्टा ओढलास आणि सगळ्यांच्या आधी ते तोडलंस. स्वतःच्या हाताने. घरी येऊन जेवला नाहीस.

"आणि बिल्ला?" मी विचारलं.

"बिल्ला खिशात घालून आणला. तुझ्या यायच्या आदल्या दिवशी वर गेले आणि जवळच्या चांगल्याशा झाडाला बांधला. म्हणाले, मिरूला सांगायला तोंड नाही माझ्याकडे. दर वेळी म्हणायचे, ह्या खेपेला सांगतो. तू बसमधून उतरायचीस, डबा हातात, आणि ते गप्प व्हायचे."

दादा, मला आधी राग आला तो झाडाचा नाही. मला न्हावी आठवला. सगळ्यांसमोर तोडलंस, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! न्हाव्याला ठाऊक, घड्याळजीला ठाऊक, टेकडीवर ज्याच्या ज्याच्या हातावर मी मलिदा ठेवला त्या प्रत्येकाला ठाऊक. मी परक्या झाडाला मिठी मारून आई आई करत होते आणि ते सगळे माना खाली घालून उभे होते. मला वाटायचं, काय आदर आहे बिचाऱ्यांना! ते लाजत होते. माझ्यासाठी, तुझ्यासाठी, कुणासाठी कोण जाणे.

टोळीला न्याय दिलास तू. तो मला मान्य आहे, हे लिहून ठेवते. मला विचारलं असतंस तर भांडले असते, दोन वर्षं तुझ्या दारात पाय ठेवला नसता, पण शेवटी हो म्हणाले असते. मीही त्याच आईची आहे, मलाही राब भाजायचा वास ठाऊक आहे. पण तू मला तेल अवीवच्या त्या बाईत धरलंस, डब्यासकट रोप पुरणाऱ्या. हिला खरं सोसायचं नाही, हिला मिठी मारायला एक खोड पुरे, कुठलंही. परक्याच्या बदामाला हात लावला नाहीस आणि बहिणीचा मात्र केसाने गळा कापलास.

"आणि माती?" मी वहिनीला विचारलं. "आईची माती तरी तिथेच आहे ना? बुंधा दाखव मला."

"माती नाही तिथं," वहिनी म्हणाली. "झाड तोडल्यावर बुंध्याखाली खणून काढली त्यांनी. म्हणाले, ह्या जंगलात आज ना उद्या सगळंच तोडलं जाणार, आयला इथं ठेवायची नाही. बिस्किटांच्याच डब्यात भरली. त्या फळीवर होता डबा, पोह्यांच्या शेजारी."

मी फळीकडे बघितलं. गेली कित्येक वर्षं त्या फळीखाली बसून मी मलिद्याला पोहे भिजवत होते. पोह्यांचा डबा काढताना आईचा डबा मीच बाजूला सारला असेन. तू समोर बसून खोबरं किसत होतास.

"दे मला तो डबा."

वहिनीने पदराने डोळे पुसले. "रुमालात काय होतं असं वाटलं तुला?"

मग मला तुझे डोळे आठवले आणि त्यांच्यावरची ती तांबडी माती, आणि मला आलेलं हसू.

"त्यांनी सांगून ठेवलं होतं," वहिनी म्हणाली. "मी गेलो की आयची माती माझ्या डोळ्यांवर घाल. सगळी घाल, म्हणाले."

सगळी! ऐकलंस ना, तुझाच शब्द आहे. बहिणीला वाकड्या झाडाच्या बदल्यात सरळ झाड दिलंस, आणि आईला घेऊन निघालास. रोह्याच्या जंगलात होतास तेव्हाही आई तुझ्याजवळ, मी भायखळ्याला. इथे आलो तेव्हाही टेकडी तुझी, मी सपाटीवर. आणि आता जमिनीखालीही तूच तिच्याजवळ. मी त्या खोलीत काय काय बोलले ते वहिनीला विचार. शेजारची कुर्दी बाई धावत आली, तिला वाटलं आम्ही शोकाचं काही गातो आहोत.

मला बोलू दिल्यावर वहिनी उठली, पेटीतून डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. हलका नव्हता.

"सगळी घाल म्हणाले होते. मी अर्धी ठेवली," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्यांचं एकच ऐकलं नाही, ते हे."

त्यानंतर राग धड राहीना. राग यायला लागला की तो पहिला हिवाळा आठवतो, आमचा तंबू वाऱ्याने उडाला तो. तू टेकडीवरून फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन चालत आला होतास, कारण बस बंद होती. भिजलेल्या झुडपांचा धूर खोकला आणतो म्हणून बदामाखाली पडलेल्या वाळक्या काटक्या वेगळ्या बांधून आणल्या होत्यास. माझी पोर त्या उबेवर जगली. तिला आता बारीकसारीक सगळं हिब्रूत बोलायला लागतं, पण तुला ती मराठीत 'मामा' म्हणायची. असा माणूस मला चार शब्द खरे बोलू शकला नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. कुऱ्हाड उचलायला तुला धीर होता आणि जीभ उचलायला नव्हता.

डबा घेऊन मी घरी आले. टेकडीवर गेले नाही. त्या सरळ झाडावर अजून 'आई' लिहिलेला बिल्ला आहे, तो काढायलाही गेले नाही. मी त्या झाडाला पुष्कळ काही सांगितलं आहे, राहू दे त्याच्याकडे.

माती पुन्हा झाडाखाली घालायची नाही, एवढं ठरलं होतं. वहिनीने सब्ज्याचं बी दिलं होतं, मलिद्याच्या ताटात वासाला ठेवतो तो सब्जा. म्हटलं, हा परवडला. ह्याला ना सरकार, ना पट्टा. डब्याच्या तळाला खिळ्याने भोकं पाडली, तू बिल्ल्यावर पाडली होतीस तशी, आणि त्याच मातीत बी टाकलं. मूठ जरा सैल सुटली. माझा हात असाच आहे.

उन्हाळा लागला होता, भराभर उगवलं. डबाभर हिरवं, बोट घालायला जागा नाही. मी रोज कामावरून आले की आधी तिथे जायची. मग एका संध्याकाळी बघते तो रोपं पिवळी पडत चाललेली, पातळ, एकमेकांवर रेललेली. पाणी जास्त दिलं, कमी दिलं, डबा सावलीत नेला, परत उन्हात आणला. मला ठाऊक होतं काय करायचं ते. तुझ्या बहिणीला ठाऊक नसायला काय झालं? दोन दिवस नाही केलं. तिसऱ्या दिवशी शिवणाचा चष्मा लावला, डबा मांडीवर घेतला आणि एकेक करून दुबळी उपटली. प्रत्येकाच्या मुळाशी आईची माती लागलेली. ती झटकून परत डब्यात टाकली. उपटलेली फेकवेनात, म्हणून ओल्या फडक्यात बांधून ठेवली, तीही सुकली. सबंध वेळ तुला शिव्या घालत होते. शेजारीण दारातून ऐकत होती, तिला मराठी येत नाही ते बरं.

परवा वहिनी आली, तुझा महिना झाला म्हणून. पहिल्यांदाच एकटीने बसने आली. पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा न घेता ओसरीत गेली आणि डब्यावर वाकली. उरलेली रोपं आता बोटभर झाली आहेत, पानं जाड, हात लावला की वास सुटतो.

"अगो, मागे तू सांगत होतीस केवढी दाट आली म्हणून," ती म्हणाली. "कुणी काढली?"

"मी," म्हटलं. "मी उपटली."

वहिनीने एक पान खुडलं. ते चुरडून नाकाला लावलं आणि माझा हात धरून उभी राहिली. 'मी', एवढाच शब्द होता, दादा. जीभ झडली नाही माझी. मी बसमधून उतरले की एवढंच म्हणायचं होतंस, मेल्या.